माझे बत्तीस किल्ले आणि वहिनींची एक ट्रॉली

आज इस्लामपुरात माझ्यावर घोर अन्याय झाला. चहा मागून दहा मिनिटं झाली, तरी चहावाला मोबाईलमधून मान वर काढेना.

"थांबा की पावनं, ट्रॉली पलटी हुईल!"

तो गेम खेळत होता. उसाची ट्रॉली वळणावरून कारखान्यात न्यायची, बस्स. आणि हा गेम बनवलाय माझ्या चुलतभावाच्या बायकोनं, सुनीतावहिनींनी! मला चहाआधीच ॲसिडिटी झाली.

मीही सहा वर्षं गेम बनवतोय. बत्तीस किल्ले, घोडदळ, हत्ती. वही भरलीय, लोगो तयार आहे. गेम तेवढा बाकी आहे.

न राहवून वहिनींना फोन लावला. "कसं जमलं वो?"

"आवं भावजी, आधी एकच ट्रॉली, एकच वळण केलं. ते चालल्यावर दुसरं. तुमच्या हत्तींचं काय झालं?"

नवशिक्यांनो, सल्ला हाच. तो माझा नाही, याचं फार वाईट वाटतंय. तुमच्या वहीत किती हत्ती बांधलेत?

महिन्यापूर्वी वहिनींनी मला गेम खेळून चुका सांगायला सांगितलं होतं. मी 'वेळ नाही' म्हणालो होतो. आज दुपारी तासभर खेळलो. ट्रॉली एका ठिकाणी बांधातून आरपार जाते, ते कळवलं. खाली 'गेम लय भारी झालाय' हेही लिहिलं.