बिनतोफांची युकिकाझे

माझा मित्र सुधीर गेल्याचा नीलिमावहिनींचा फोन आला, तेव्हा मी इथे आयर्लंडमध्ये, एनिसच्या एका दुकानात त्याच्यासाठीच बारीक ब्रश शोधत होतो... ब्रश घेऊनच लिमरिकला गेलो. काही आठवडे झाले त्याला.

लिमरिकच्या हॉस्पिटलात तो भूलतज्ज्ञ होता. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि घरी येऊन युकिकाझे या जपानी विनाशिकेच्या मॉडेलवर डोळे फोडायचे, हा त्याचा क्रम. दुसऱ्या महायुद्धात ही बोट शेवटपर्यंत लढली, सोबतच्या बहुतेक बुडाल्या, हिला मात्र फारसं खरचटलंही नाही. नंतर ती तैवानकडे गेली आणि तिकडेच मोडीत निघाली. हे इतक्यांदा ऐकलं होतं की मी “पुरे रे बाबा” म्हणायचो, आणि तो दुप्पट उत्साहाने मिडवेच्या लढाईपासून सुरुवात करायचा.

मॉडेल करणाऱ्याला बोटीचा एक काळ निवडावा लागतो, कारण तोफा, मचाणं सारखी बदललेली असतात. सगळे ऐन युद्धातला निवडतात. या पठ्ठ्याने युद्धानंतरचा निवडला. तेव्हा तोफा काढून, डेकवर खोल्या ठोकून तिने परमुलखात अडकलेल्या जपान्यांना मायदेशी पोचवलं होतं. विनाशिका बिनतोफांची कशाला, असं मी छेडलं तर म्हणाला, “अरे, तिच्या अख्ख्या नोकरीतलं हेच एक काम मला समजतं. माणसं घरी नेणं.”

त्यालाही घरीच जायचं होतं. निवृत्ती तोंडावर आलेली, नाशिकचा फ्लॅट तयार... आणि हा असा गेला. अस्थी गोदावरीत की इथे शॅनन नदीत, यावर घर अडून बसलं. मुलगी ईशा इथेच म्हणत होती, नाशिकहून त्याचे मोठे भाऊ रोज फोन करत होते. वहिनी म्हणाल्या, तुम्ही सांगाल तसं करू. मी ठामपणे नाशिक म्हटलं. आयुष्यभर दुसरं काय बोलला तो?

ईशा मला त्याच्या खोलीत घेऊन गेली. बोट जवळजवळ पुरी झाली होती. डेकवर तांदळाच्या कणीएवढी माणसं, घरी निघालेली, दाटीवाटीने उभी. तिने हातात भिंग दिलं. नीट बघा काका, असं तिच्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत म्हणाली.

एकही माणूस पुढे बघत नव्हता. सगळ्यांची तोंडं मागे, सोडून निघालेल्या किनाऱ्याकडे.

मला रडू आवरेना. वहिनी दारात उभ्या होत्या. “मला कधी बोलला नाही हो,” एवढंच म्हणाल्या.

नाशिकला फोन मीच लावला. शॅनन म्हणालो.