लिब्राडा भाडं नाकारते

मागे भाडं बसवून नेणारा चांगला मोटारसायकलवाला कोण, असं समुद्रकाठच्या आमच्या नागुआ गावात कुणालाही विचारा. जो लवकर पोचवतो तो, म्हणतील. जो एका चाकावर गाडी उचलतो तो, असं पोरं म्हणतील. मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. चुकीचं उत्तर शंभर जणांनी मिळून दिलं तरी ते चूकच असतं, हे मला माहीत आहे. बरोबर उत्तर लिब्राडा रेस्तितुयो आहे. ती का, ते सांगते.

लिब्राडा पन्नाशीची, बुटकी, रुंद, आवाज भसाडा. नवरा सिरिलो होडीत बसून पोर्तो रिकोला गेला तो गेलाच. गाडी मागे राहिली, नवरा नाही. तिच्या मते हा सौदा फार वाईट नव्हता. त्याच गाडीवर ती बाजाराच्या कोपऱ्यावरच्या स्टँडला लागली. सतरा पुरुषांत ही एकटी बाई. नारिंगी जॅकेट, पाठीवर चौदा नंबर. पुरुष म्हणायचे, "अंड्यांचे ट्रे घेऊन निघाल्यासारखी चालवते." ती म्हणायची, "अंडी फुटली तर परत आणता येतात रे."

सकाळी निघण्याआधी ती साखळी अंगठ्याने दाबून पाहते, टायर दाबून पाहते, दोन्ही ब्रेक ओढून पाहते. किक मारून गाडी सुरू करायला इतरांना जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे सगळं होतं. रस्त्यावर तिची नजर कधी स्वतःच्या चाकाखाली नसते. समोर बस उभी असेल तर ती बसचं पुढचं चाक बघते. ड्रायव्हर हात दाखवेल न दाखवेल, दिवा लावेल न लावेल, चाक खोटं बोलत नाही. कुत्रं दिसलं की त्याचे कान बघते. मागे बसणाऱ्याला चढण्याआधीच ऐकवते, "हात माझ्या कमरेला. मी झुकले की झुकायचं, मी सरळ की सरळ. गप्पा उतरल्यावर." मेयरलाही हेच ऐकवलं होतं. तो हसला, पण त्याने हात कमरेला धरले.

आणि हेल्मेट. ती दोन बाळगते, एक स्वतःचं, एक मागच्याचं. मागचा माणूस एकच. दोन नाही, दीड नाही, मांडीवरचं लेकरूही नाही.

इथेच सगळ्यांचं बिनसलं. आमच्याकडे शनिवार हा पार्लरचा. बायका सकाळपासून रांग लावून केस रोल करून, वाळवून, सरळ करून घेतात, आणि ते केस पुढचा शनिवार येईपर्यंत टिकवायचे असतात. अशा केसांवर हेल्मेट? त्यापेक्षा डोकं फुटलेलं बरं, असंच आमच्या बायका वागतात. दुसऱ्यांना हसायचं म्हणून मी हे सांगत नाही, मीही त्यातलीच होते. तेव्हा लिब्राडाला गाडी चालवायला लागून चार वर्षं झाली होती. शाळेचा पदवीदान समारंभ, मला उशीर झालेला, केस त्याच सकाळी केलेले. मागे मी, माझ्यामागे माझी भाची. लिब्राडाने हेल्मेट पुढे केलं. मी ते हाताने बाजूला सारलं आणि म्हटलं, "जरा पळव." तिने पळवली. नदीच्या वळणावर कुणीतरी कोकोच्या बिया डांबरावर वाळत घातल्या होत्या, आमच्याकडे हंगामात घालतातच. त्या बियांवर तिने ब्रेक दाबला.

भाचीचा स्कर्ट फाटला. लिब्राडाचं मनगट गेलं. मला डाव्या कानामागे अकरा टाके पडले, आणि दोन महिने मला माझ्याच मुलांची नावं आठवत नव्हती. वर्गात उभी राहून पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बघायचे आणि डोकं कोरं. तशी भीती मला मरणाचीही वाटत नाही.

लिब्राडा रोज संध्याकाळी माझ्याकडे सूप घेऊन यायची आणि एकच वाक्य म्हणायची, "बाई, मी नाही म्हणायला हवं होतं." बियांवर ब्रेक दाबू नये, गाडी सरळ ठेवून अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडावी, हे ती नंतर शिकली. पण ती म्हणते, ते शिकणं दुय्यम. चूक वळणावर झाली नाही, स्टँडवरच झाली, निघायच्या आधी.

तेव्हापासून ती नाही म्हणते.

स्टँडचा नियम असा की रांगेत जो पहिला, त्याने समोर येईल ते भाडं घ्यायचं. वर्षात तीनदा नाकारलं की जॅकेट परत. हा नियम बरीच वर्षं नुसता कागदावर होता. मग राधामेस स्टँडचा अध्यक्ष झाला. राधामेस माणूस वाईट नाही. मोठ्याने हसतो, मयताला पहिला हजर असतो. त्याचं हेल्मेट मात्र कायम कोपरात अडकवलेलं. कोपराची एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका शनिवारी त्याच्या मुलाची धर्ममाता, म्हणजे आमच्या भाषेत त्याची कोमाद्रे, आणि तिची बहीण पार्लरमधून थेट स्टँडवर आल्या. संध्याकाळी लग्न. डोक्यावर आरशासारखे केस. दोघींना एकाच गाडीवर जायचं होतं. रांगेत पहिली लिब्राडा.

"एक जण बसा, आणि हे घाला," लिब्राडा म्हणाली.

"हे? ह्या केसांवर? बाई गं, तुला वेड लागलंय का?"

"मग चालत जा. केस अजिबात विस्कटणार नाहीत."

कोमाद्रे राधामेसवर ओरडली. राधामेसने दोघींना आपल्या गाडीवर घेतलं, कोपरात हेल्मेट, आणि हॉर्न वाजवत गेला. परत आला तो छाती काढून. "बघितलंस? काही झालं? पोचल्या दोघी, केसाला धक्का न लागता!"

"तुझ्या नशिबाला माझा नमस्कार सांग," लिब्राडा म्हणाली.

ते त्या वर्षात लिब्राडाने नाकारलेलं तिसरं भाडं होतं. रविवारी दुपारी बदामाच्या झाडाखाली सभा बोलावली. मी माझी खुर्ची घेऊन गेले. मी सभासद नाही, पण मला उठवायची कुणाची छाती होती? त्यातल्या निम्म्यांना मी अपूर्णांक शिकवलेत.

राधामेस उभा राहिला. "कोमाद्रे म्हणजे माझ्या घरचं माणूस. तिला भर रस्त्यात चालत जा म्हणाली. स्टँडचं नाव खराब होतं. लोक म्हणतात, तिकडे जाऊ नका, तिथे एक मास्तरीण बसलीय."

"मास्तरीण मी आहे," मी म्हटलं, "आणि ऐक, ह्या मुलीने मला..."

"बाई, तुम्ही बसा," लिब्राडाने मला थांबवलं. "माझं मी बोलते." ती उठलीही नाही, गाडीवर बसल्या बसल्याच बोलली. "एकोणीस वर्षांत मी एकदाच माणसं पाडली. ह्या बाई आणि ह्यांची भाची. तेव्हा मागे दोन होते, डोक्यावर काही नव्हतं आणि मी घाईत होते."

"म्हणजे पाडलंस तर तूच!" राधामेसने टाळी वाजवली. "आम्ही कुणाला पाडलं नाही. आणि शिकवतेय आम्हाला!"

"हो, मीच. म्हणून मला माहीत आहे. तुला अजून माहीत व्हायचंय, एवढाच फरक."

कुणीतरी हसलं. राधामेस हसला नाही. तो जरा मऊ झाला, मला वाटतं मनापासून. "हे बघ लिब्रा, भांडण नको. इथे सगळ्यांसमोर म्हण, येईल ते भाडं घेईन. जॅकेट तुझंच."

एवढंच म्हणायचं होतं. तिला घर होतं, म्हातारी आई होती, दुसरं कुठलं काम येत नव्हतं आणि पन्नाशीच्या बाईला दुसऱ्या स्टँडवर कुणी उभं करणार नव्हतं. मी तिच्याकडे बघत होते. खरं सांगते, मला वाटलं म्हणेल. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं आणि मग हळूच आपलंच केलं असतं.

"नाही म्हणणार," ती म्हणाली.

"का गं? नुसतं म्हणायचंय!"

"आज नुसतं म्हटलं की शनिवारी करावं लागतं. मला गाडी चालवता येते ती हातांनी नाही, राधामेस. हात तुमचेही चांगले आहेत, तुझे तर माझ्याहून चांगले. मला निघायच्या आधी नाही म्हणता येतं. तेवढंच येतं. ते सोडून देऊ?"

हात वर करून मतं घेतली. अकरा तिच्याविरुद्ध. तिने जॅकेट काढलं, घडी घातली, राधामेसच्या सीटवर ठेवलं आणि गाडी ढकलत रस्त्यापलीकडे गेली. सुरूसुद्धा केली नाही. समोर नुरीसचं पार्लर. त्याच्या पत्र्याच्या सावलीत गाडी लावली आणि बसली.

"जॅकेटशिवाय भाडं घेता येत नाही!" इकडून राधामेस ओरडला.

"मग मैत्रिणींना घरी सोडते!" तिकडून उत्तर आलं.

नुरीस बाहेर आली ती तिला हाकलायला, असं मला वाटलं. पण नुरीस धंदेवाईक बाई आहे. दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मंगळवारी मात्र मी केस करून घ्यायला गेले तेव्हा नुरीसने ते वाळवले आणि झाल्यावर डोक्याभोवती गोल गोल गुंडाळून चिमट्यांनी चपटे बसवले, वर जाळी. त्याला तुबी म्हणतात. आम्ही सगळ्याजणी रात्री झोपताना केस मोडू नयेत म्हणून हेच करतो. आयुष्यभर करत आलो. त्यावर हेल्मेट गुळगुळीत बसतं. घरी जाऊन चिमटे काढले, केस जसेच्या तसे. मला स्वतःचीच चीड आली. चाळीस वर्षं गणित शिकवलं, अकरा टाके घेतले आणि रोज रात्री डोक्यावर उत्तर बांधून झोपत होते.

त्या शनिवारी नुरीसच्या दारातून बायका एकामागून एक तुबी घालून निघाल्या आणि लिब्राडाच्या मागे बसल्या. स्टँडवर सतरा जण बदामाच्या झाडाखाली हे बघत होते. "म्हाताऱ्यांची फेरी!" कुणीतरी ओरडलं. रांगेत माझ्या आधी जिची पाळी होती ती मुलगी अठराची होती.

पुढच्या गुरुवारी राधामेस रस्ता ओलांडून आला. हातात चौदा नंबरचं जॅकेट. मी तिथेच होते, पार्लरच्या बाकावर.

"घे," तो म्हणाला. "सगळ्यांशी बोललोय. तुला सूट. तुला वाटेल ते भाडं घे, वाटेल ते नाकार. नियम तुला लागू नाही."

लिब्राडाने जॅकेटकडे बघितलं. तिला ते हवं होतं, मला दिसत होतं. एकोणीस वर्षं अंगावर होतं ते.

"मला एकटीला?"

"तुला एकटीला."

"आणि तुमच्या मागे बसतात त्यांची डोकी काय नारळाची आहेत?"

"लिब्रा, आता फार ताणू नकोस."

"सगळ्यांना लागू कर. मागे एकच, डोक्यावर हेल्मेट, आणि नाही म्हणणाऱ्याचं जॅकेट जात नाही. मग येते. तोवर ते तुझ्याकडेच राहू दे."

"लोक ऐकणार नाहीत."

"मीही नाही."

राधामेस शिव्या देत परत गेला. जॅकेट खांद्यावर, हेल्मेट कोपरात. रस्त्याच्या मधोमध त्याला एका ट्रकने हॉर्न मारला तेव्हा तो दचकला आणि त्याने आधी कोपर सावरलं.

ह्या गोष्टीला सात महिने झाले. नियम तसाच आहे. लिब्राडा समोरच्या पत्र्याखालीच उभी असते, पाठीवर नंबर नाही. पोलीस एकदा येऊन विचारून गेला. तिने त्याला बसायला हेल्मेट दिलं, तो बसला नाही, पण गेला. स्टँडवरचा सगळ्यात तरुण मेंबर परवा दुसरं हेल्मेट विकत घेऊन आला, तेव्हा राधामेसने सगळ्यांदेखत त्याची टिंगल केली. पोरगा लाल झाला, पण हेल्मेट त्याने परत नेलं नाही.

राधामेसला कळेल तेव्हा कळेल. मला बाजारात जायचंय, केस झालेत, आणि लिब्राडा हेल्मेट हातात धरून माझ्यावर ओरडतेय की बाई, लिहिणं उतरल्यावर.