अण्णांचा रेडा आणि माझं पिवळं पत्रक

आमच्या अण्णांचा रेडा होत नव्हता, म्हणून मी पत्रक काढलं.

हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग आपली खुर्ची थोडी मागे घेतली. तेव्हा आधी नीट सांगते. ‘रूपपालट’ नावाचा फोनवरचा मारामारीचा गेम आहे. त्यातले गडी लढता लढता रूप बदलतात. कुणाची मगर होते, कुणाची घार. अण्णांचा लाडका गडी म्हणजे एक ढेरपोट्या आचारी. त्याच्यावर बोट दाबून धरलं की त्याचा थेट रेडा व्हायचा आणि समोरच्याला शिंगावर घ्यायचा.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर ट्रक चालवला. मग अंगावरून वारं गेलं आणि डावा हात मांडीवर पडून राहिला. व्यायामाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पण संध्याकाळ झाली की टेंभुर्णीहून त्यांचा जुना ड्रायव्हर दोस्त दस्तगीरचाचा तिकडे गेम लावायचा, हे इकडे लावायचे, आणि आमचं घर दणाणायचं.

“क्या रे सोलापूरवाले, थक गया क्या?”

“थकतोय तुझा बाप! घे शिंगावर!”

गोळ्या-मलमांनी जे झालं नाही ते रेड्याने करून दाखवलं. माणूस हसायला लागला.

आणि मग त्या दळभद्री कंपनीने दुसरा भाग काढला!

दस्तगीरचाचाने तो लगेच घेतला. जुन्या भागवाल्याला नव्या भागवाल्याशी लढता येत नाही, म्हणून अण्णांनीही घेतला. आणि बघतात तर काय, आता रेडा व्हायला दोन्ही अंगठे पडद्याच्या दोन टोकांना एकदम दाबायचे. एकदम! अण्णांनी उजवा अंगठा एका टोकाला ठेवला आणि दुसऱ्या टोकाला नाक लावून पाहिलं. नाकाने आईला व्हिडिओ कॉल लागला. (आई स्वयंपाकघरात होती. तिने उचलला.)

“काय ओ?”

“काय न्हाय. रेडा होतोय का बघतोय.”

“अजून व्हायचं ऱ्हायलंय व्हय?” आईने फोन ठेवला.

तिकडून दस्तगीरचाचाची घार आचाऱ्याला टोचून टोचून बेजार करत होती. शेवटी त्यालाच राहवलं नाही. “अरे मार ना रे! मेरेकू अच्छा नै लगता ऐसा!” अण्णांनी फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा म्हणाले, “झोपलोय म्हणून सांग.”

माझं डोकंच फिरलं. मी चळवळीतली मुलगी आहे. आमच्या गटात पाण्याचा प्रश्न माझ्याकडे आहे, आणि पत्रकंही मीच लिहिते. अन्याय दिसला की माझ्या हाताला खाज सुटते आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची चांदी होते. मी गेमचं मतांचं पान उघडलं. तिथे खेळणाऱ्यांनी रकानेच्या रकाने भरले होते. ‘घार झकास, पण वळताना पिसं अडकतात.’ ‘मगर लई सुस्त, जेवून आल्यासारखी.’ ‘पहिला भाग भारी होता, दुसऱ्यात नुसता झगमगाट.’ ‘रूप बदलेपर्यंत समोरचा मारून, पाणी पिऊन परत येतो.’ एका हाताने खेळणाऱ्याबद्दल कुणाचंच मत नव्हतं. म्हटलं थांबा, आता इथं सोलापूरचा आवाज घुमेल!

एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘जाहीर निषेध! जाहीर निषेध!! जाहीर निषेध!!! रूपांतराच्या हक्कावर घाला! तमाम कष्टकरी बंधू-भगिनींनो, वरून लादलेली ही दुहेरी दडपशाही आपण किती दिवस मुकाट सोसणार?’ असं सुरू होऊन ते असं काही पेटत गेलं, की कागद संपला तरी मी विझले नव्हते. खाली क्यूआर कोड टाकला: ‘यावर फोन धरा, आपलं मत नोंदवा!’ कागद अर्थातच पिवळा. आमची सगळी पत्रकं पिवळीच असतात.

पहिलं पत्रक समोरच्या लक्ष्मीअक्कांना दिलं. अक्का उंबऱ्याशी सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडणात दोन्ही. त्यांनी पत्रकाची घडी करून सुपाखाली सारली.

“अक्का, वाचा तरी!”

“वाचायचं काय त्यात? तू लिवलंय म्हंजी खरंच असणार की. पोरीला सांगते फोन धराय.”

माझे डोळे भरून आले. जनतेचा केवढा हा विश्वास! (तो विश्वास नव्हता. ती सवय होती. ते पुढे कळलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मतांचं पान उघडलं आणि चहा तसाच राहिला. आमच्या गल्लीने धो धो मतं टाकली होती. सगळी पाण्याची!

‘नळाला धार नाही. करंगळीएवढं येतं.’ ‘पुढच्या घरवाले मोटार लावतात, नावं समक्ष सांगीन.’ ‘पाणी कधी येणार ते आदल्या दिवशी कळवावे, कामावर खाडा होतो.’ पिवळा कागद म्हणजे पाणी, हे मी स्वतःच गल्लीला शिकवलं होतं ना! माझ्या पत्रकातली आजवर कुणी एक ओळही वाचलेली नाही, रंग बघून सह्या होतात, हे ज्ञान मला असं, भर चौकात, परगावच्या लोकांसमोर झालं.

परगावच्या लोकांनी तर कळसच केला. त्यांना वाटलं, गेममध्ये कुठेतरी पाण्याचा टप्पा लपवलाय! ‘भावांनो, पाणी कितव्या टप्प्यावर येतं?’ ‘मी शेवटपर्यंत गेलो, कोरडंच.’ ‘मगर घेऊन गेलं तर येत असेल.’ ‘टाकी फोडून बघा रे!’ यावर लक्ष्मीअक्कांनी पोरीकडून ताबडतोब उत्तर टाकून घेतलं: ‘टाकीला हात लावला तर तंगडं मोडीन.’ त्याला भराभरा अंगठे मिळाले. अक्का दुपारपर्यंत त्या पानावरच्या मानकरी झाल्या.

एवढ्यात कंपनीकडून सगळ्यांना एकच छापील उत्तर गेलं: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.’

अक्कांनी नळ पूर्ण बंद केला. पुन्हा सुरू केला.

आणि पाणी आलं!

“आलंऽऽ! शीतलेऽऽ! फोनवाल्यांनी पाणी सोडलं गंऽऽ!” अक्का माझ्या नावाने ओरडल्या. गल्लीत घागरींचा नुसता खणखणाट. त्या दिवशी पाण्याची पाळीच होती, हे मी ओरडून सांगत होते. पण आलेल्या पाण्यापुढे कोण कुणाचं ऐकतं? मतांच्या पानावर आता आभार सुरू झाले. पाचच्या पाच तारे! ‘असेच काम करत राहा साहेब.’ बातमी वैरागला आत्याकडे पोचली आणि तिकडूनही मत आलं: ‘पाण्याचं झालंच हाय तर लायटीचं पण बघा.’

या सगळ्या गदारोळात अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “पाणी आलं, बरं झालं. रेड्याचं काय?”

दुपारी फोन आला. पत्रकावर माझा नंबर होता.

“ताई, मी रूपपालटच्या कंपनीतून बोलतेय. सोलापुरात नक्की काय झालंय? आमचे साहेब ही सगळी मतं खोटी म्हणून पुसायला निघालेत. कुणीतरी तुमच्या पत्रकाचा फोटो टाकलाय. मी ते तीनदा वाचलं. त्यात मागणी काय आहे?”

मी श्वास घेतला आणि सुरू झाले. वरून लादलेली दडपशाही, खेळणाऱ्यांचा आवाज, इतिहास माफ करणार नाही! ती बिचारी ‘हं, हं’ करत होती. मागून हात आला. अण्णांचा. उजवा. त्यांनी फोन काढून घेतला.

“बाई, माझा डावा हात चालत न्हाय. पयल्या भागात एका बोटानं रेडा व्हायचा. आता दोन लागत्यात. मला दोस्ताबरं खेळता येईना. बास, एवढंच हाय.”

पलीकडून ती म्हणाली, “काका, हे पत्रकात कुठंच नाहीये.”

मी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. नव्हतं! अण्णा नव्हते, हात नव्हता, रेडासुद्धा नव्हता. नुसती मी होते, सगळ्या उद्गारचिन्हांसकट.

“एका माणसासाठी खेळ बदलत नाही म्हणतात आमचे साहेब,” ती म्हणाली. “पण खरंच खेळून कुणी मतं दिली, तर मला भांडता येईल.”

मी मान खाली घालून गल्लीत गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता लोक शिव्या देणार. अक्का सूप ठेवून उठल्या. “अण्णासाठी होतं व्हय? मग तसं बोलायचं की गं! निषेध कशाला करत बसलीस?”

आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्ली जमली. फोन हातोहात फिरायला लागला. पत्रक नाही, घोषणा नाही. प्रत्येकाने एका हाताने खेळून पाहिलं आणि प्रत्येकाने मार खाल्ला. मग मतं आली, आणि ती मी नाही, त्यांनीच सांगितली. अक्कांचं: ‘माझा एक हात विडीत असतो. एकाच हातानं घार झाली पाहिजे.’ आमच्या आईचं: ‘एक हात पिठात असतो. मालक एका हातानं रेडा होत होते, परत करा.’ शेजारच्या वहिनींचं: ‘काखेत बाळ आहे, मगर होता येत नाही.’ टेंभुर्णीहून दस्तगीरचाचाने लिहिलं: ‘मेरे दोस्त का रेडा वापस देव. जीतने में मजा नै रहा.’ ते अण्णांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, “येडं हाय ते,” आणि भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून बसले.

कंपनीतल्या त्या मुलीने शब्द राखला. ती कोण, कशी दिसते, मला ठाऊक नाही. पण ती तिथे कुणाशीतरी आमच्यासाठी भांडली, आणि मोजकं बोलून भांडली असणार. काही दिवसांनी गेममध्ये नवी सोय आली: ‘एका हाताने खेळा.’ अक्का, वहिनी, आई, चाचा, या सगळ्यांचे उपकार मी कोणत्या कागदावर छापू? (छापलेलं कोणी वाचत नाही, तो भाग वेगळा.)

पहिल्याच संध्याकाळी रेडा झाला. चाचाची घार शिंगावर गेली, चाचा तिकडे आनंदाने बोंबलला, आणि मी अण्णांच्या कानाशी मूठ वळून “लढेंगे! जीतेंगे!” करत नाचत होते. खेळ संपला तसं अण्णांनी मतांचं पान उघडलं आणि उजव्या अंगठ्याने, एकेक अक्षर शोधत, आयुष्यातलं पहिलं मत लिहिलं:

‘गेम लई भारी झाला. धन्यवाद. फक्त शेजारी बसून पोरगी ओरडते, तिचा आवाज बंद करायची सोय तिसऱ्या भागात द्यावी.’

आमच्या अख्ख्या गल्लीने त्याला अंगठा दिला. आईने तर नवीन खातं उघडून पुन्हा एकदा दिला.