आत्याबाईंच्या तव्याचा तुकडा

आमच्या चुलीमागच्या भिंतीला एक तवा टांगल्याला हाय. मधोमध चौकोनी भोक. नातसून इचारती, "आजी, ह्यो भंगारात का घालत न्हाय?" मी म्हणती, "त्येच्यावर घर चाललंय आपलं." तिला वाटतं म्हातारी भाकरीचं बोलती. मी गाडीचं बोलती.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. आमी शेळगावच्या शिवारात राहत व्हतो. सासर मेंढराचं. लगीन झालं त्या टायमाला घर असं नव्हतंच. घोड्यावर बिऱ्हाड, आन् दिवाळी झाली की कोकणाची वाट. माझं थोरलं लेकरू त्याच वाटंवर तापानं गेलं. घाटाखाली माती दिली आन् दुसऱ्या दिशी पुढं निघालो. मेंढरं थांबत न्हाईत.

पुढं चराई ऱ्हायली न्हाय, मेंढरं इकली. आमचं मालक माळेगावला उसाच्या ट्रॅक्टरवर गेलं. ट्रॉली जोडताना उजव्या हाताची दोन बोटं हुकात गेली. जड काम सुटलं, पर स्टेरिंग धरता येत व्हतं. मंग व्हतं नव्हतं ते घालून एक जुनी जीप आणली, पुण्याच्या कुण्या सायबानं वापरून टाकल्याली, डिझेलची. शेळगाव ते बारामती वडाप सुरू केलं. शिटं भरली की निघायचं. जास्ती करून माळव्याच्या बाया, मेथी-कोथिंबिरीच्या पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मेंढरं इकल्यापास्नं त्या लेकाशी धड बोलत नव्हत्या. गाडी दारात आली त्या दिशी तिच्याभोवती एक चक्कर मारली आन् म्हणाल्या, "दूध देती का लोकर देती ही?" त्या गाडीत त्या कधी बसल्या न्हाईत. बारामतीला जायचं म्हणलं तर एस्टीनं जायच्या.

वरीसभर गाडी बरी चालली. मंग दमायला लागली. सपाटीला पळायची, पर कॅनॉलच्या पुलाचा चढ आला की धाप लागायची. मागं काळाकुट्ट धूर. मालक वरडायचं, "उतरा समदी!" बाया पदर खोचून उतरायच्या आन् ढकलायच्या. मी बी आमची वांगी घेऊन बाजाराला जायची, मी बी ढकलायची. एक आबा व्हतं, रोजचं शिट, दातांत तंबाकू धरून बोलायचं.

"आरं, शिटाचं पैसं घेतोस आन् चालवत नेतोस! तुझ्या बापाचं घोडं बरं व्हतं ह्यापरीस."

मेथीवाली म्हणायची, "आबा, तुमी नुसतं उतरा. निम्मी गाडी तितंच हलकी व्हती."

"आगं, जड माझी काठी हाय. मी कुठला जड!"

हसायची समदी. पर हसणारी माणसं किती दिवस हसणार? मेथी उन्हात मान टाकती. बाजार कुणासाठी थांबत न्हाय. मागनं दुसऱ्याची जीप रिकामी येतच व्हती. आमची शिटं एकदा तिकडं गेली की गेली. मेंढरं न्हाईत, ट्रॅक्टर न्हाय, चूल त्या गाडीवर.  रातच्याला जेवताना दोघांच्या ताटात भाकरी तशीच ऱ्हायची.

बारामतीत एक मिस्त्री व्हता, कऱ्हाटीचा. त्येनं बॉनेट उघडलं, एक नळी दाखवली. म्हणाला, "वहिनी, ही बगा. गाडीनं टाकल्याला धूर थोडा परत तिच्याच पोटात सोडत्यात. नवीन पद्धत हाय, हवा घाण हू नये म्हणून. त्येला ह्यो वॉल असतो, उघडतो-मिटतो. तुमचा काजळीनं भरून उघडाच ऱ्हायलाय. समदा धूर आत. मंग तिला दम कुठनं यावा?"

मी म्हणलं, "वल्लं जळण चुलीत घालून दार लावून बसल्यावानी."

"बराबर तसंच!"

वॉल साफ केला, पर तो झिजल्याला. मिस्त्री म्हणाला, "नवीन पुण्याहनं मागवावा लागंल, टाईम लागंल. तोवर परत अडकलाच तर नळीच्या तोंडाला मधी पत्रा घालून बंद करा. लोखंडाचा घाला. आन् नवीन आला की काढायचा, कायमचं ठिवायचं न्हाय."

आठवड्यात परत अडकला. मालकांनी घरीच पत्रा घालायचं ठरवलं. जाड लोखंड कापायला हत्यार न्हाय, म्हणून माझ्या जर्मनच्या, म्हंजी अल्युमिनच्या, डब्याचं झाकण घेतलं. जर्मन कातरीनं कापतंय. चौकोन कापला, बोल्टासाठी भोकं पाडली, बसवला. दुसऱ्या दिशी गाडी चढावर अशी पळाली की आबांनी तंबाकू गिळली.

पर बाजारच्या दिशी, गाडी गच्च भरल्याली, आन् चढाच्या निम्म्यात पुन्हा धाप लागली. पाट्या उतरवल्या, ढकललं, पर ती वर जाईना. मेथीवालीनं पाटी डोक्यावर घेतली आन् मागनं आलेल्या दुसऱ्या जीपमधी जाऊन बसली. तिच्यामागं एकेक करून समद्या गेल्या. मला तिचा राग आला न्हाय. मेथी इकायची व्हती तिला. मालक स्टेरिंगवर हात ठिवून तसंच बसलं.

आबा तेवढं गेलं न्हाईत. आमी गाडी उताराला वळवून घरी आणली, आन् आबांनी एस्टीनं बारामतीला जाऊन मिस्त्रीला सांगितलं. कुणी सांगितलं नव्हतं त्येंना. आन् मिस्त्री दुकान मिटून दुपारच्या एस्टीनं हत्याराची पिशवी घेऊन आमच्या दारात आला. ह्ये मी अजून इसरली न्हाय.

पत्रा काढला तर मधी चाळणी झाल्याली. मिस्त्री म्हणाला, "आवो, जर्मन कशाला घातलं? तितनं जाळ येतो, जाळ! रिकामं पातेलं चुलीवर ठिवल्यावर काय व्हतं?"

लोखंड हुडकायला लागलो. रॉकेलच्या डब्याचा पत्रा पातळ, नांगराचा फाळ जाड. मिस्त्रीची नजर फिरत फिरत चुलीवर गेली. आत्याबाई भाकरी भाजत व्हत्या. मिस्त्रीनं नजर काढून घेतली. मालकांनी बी बघितलं आन् खाली मान घातली.

कारण त्यो तवा आत्याबाईंच्या सासूचा. कोकणच्या वाटंवर तीन दगडावर त्योच असायचा. आमच्यात सासूचा तवा घराबाहेर देत न्हाईत, शेजारणीला उसना बी न्हाय. मी सून, मी कशी मागणार? मी पाण्याचा तांब्या भरून आणला आन् उगीच उभी ऱ्हायली.

आत्याबाईंनी शेवटची भाकरी उतरवली. पदरानं तवा धरला, बाहेर आणून मिस्त्रीच्या पुढ्यात ठिवला.

"ह्यो चालंल का?"

मिस्त्री म्हणाला, "आजी, घरातला तवा…"

"घराबाहेर कुठं चाललाय? घरच्याच गाडीत चाललाय की." मंग लेकाकडं न बघता म्हणाल्या, "ह्या तव्यानं आख्खं कोकण बगितलंय. आता बारामती बगू दे."

मिस्त्रीनं तवा गार हूस्तवर वाट बघितली. छिन्नीनं मधला तुकडा काढला, ठोकून सपाट केला, कानशीनं घासला. प्रत्येक घावाला आत्याबाईंचे डोळे मिटायचे, पर त्या तितनं हलल्या न्हाईत. तुकडा बसला. तवर मी शेजारणीच्या चुलीवर जाऊन मिस्त्रीसाठी ताज्या भाकरी भाजून आणल्या. त्येनं मजुरी घेतली न्हाय. म्हणाला, "तुमचा तवा घेतला, आणि काय घिऊ?"

दुसऱ्या दिशी सकाळी मालक गाडी पुसत व्हतं. आत्याबाई धुतल्यालं लुगडं नेसून आल्या आन् पुढच्या शिटावर बसल्या. मालक बघतच ऱ्हायलं.

"बगतोस काय? तवा माझा हाय, मी बगायला नको व्हय?"

स्टँडवर मेथीवाली दुसऱ्या जीपपाशी उभी व्हती. पुढं बसल्याल्या आत्याबाई दिसल्या. तिनं पाटी उचलली, आमच्या गाडीत ठिवली, आन् माझ्याशेजारी दाबून बसली. मी तिला पान दिलं. 

कॅनॉलचा चढ आला. मालकांनी गाडी हळू करून गिअर टाकला.  तेवढ्यात मागनं आबा सवयीनं खाली उतरलं बी! आन् गाडी भरल्या शिटांनी, पाट्यांनी, आत्याबाईंनी, सरळ वर निघून गेली. खाली आबा काठी उंचावून वरडतंय, "आरं, मला घ्या की! मी हलका हाय!"

वर थांबून त्येंची वाट बघितली. बाया पोट धरून हसत व्हत्या. आत्याबाईंनी मागं वळून काठी टेकत येणाऱ्या आबांकडं बघितलं, मंग लेकाकडं. म्हणाल्या, "घोड्यापरीस बरी हाय रं."

मालकांनी त्या दोन बोटं गेल्याल्या हातानं डोळं पुसलं आन् गाडी चालू केली.

पुढं नवीन वॉल आला, मिस्त्रीनं तुकडा काढून परत आणून दिला. मालक तो देव्हाऱ्यात ठिवायला निघालं, तर आत्याबाई म्हणाल्या, "देव काय इंजन हाय व्हय?" मंग तो दार वाऱ्यानं मिटू नये म्हणून अटकण लागला, आन् तवा भिंतीवर गेला. आता त्या न्हाईत, मालक न्हाईत, आबा तर कवाच गेलं. सकाळी चूल पेटवली की मी आधी त्या भोकाकडं बगती. समद्यांची नावं मनात घेती, मिस्त्रीचं बी. मंग भाकरी टाकती.