आषाढात गिटार माहेरी येते

माणसाला किती तऱ्हेने हबकवता येतं हे बघायचं असेल, तर माझ्या साडूला भेटावं. मी जन्मभर दुधाचा टेम्पो चालवला. घाटात ब्रेक गेलेला बघितला, म्हशीने केबिनमध्ये तोंड घालून माझी शिदोरी खाल्लेली बघितली, पण मी कधी डगमगलो नाही. या एका माणसाने मात्र मला इतक्या वेळा आ वासून उभं केलंय, की हल्ली तो दारात दिसला की मी आधी खुर्ची शोधतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चंदगडकडचा. काजू फोडायचा लहानसा कारखाना आहे. अंग काडीसारखं, बोटं काजूच्या टरफलाच्या तेलाने कायमची काळी, आणि काखेत छत्री. असा माणूस काजू विकायला गोव्यात जाईल, चार मासे खाऊन परत येईल, यापलीकडे त्याच्याकडून कुणी काही अपेक्षा करेल का? पण हा एकदा गेला तो एका म्हाताऱ्या बँडवाल्याच्या घरात शिरला आणि दोन पोती काजूच्या बदल्यात एक गिटार घेऊन आला. साधी नव्हे. साठ-सत्तर वर्षांची, जर्मनीत घडवलेली, पोट पोकळ, अंगावर व्हायोलिनसारख्या दोन भेगा आणि रंग जुन्या मधाचा. सोबत तव्यांचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डींचा, एक गठ्ठा. त्या तव्यांवर वाजवणारा माणूस युरोपातल्या कुठल्याशा चिमुकल्या देशातला. जाझ का काय म्हणतात ते वाजवायचा. त्याला त्याच्या गावातही फार कुणी ओळखत नव्हतं म्हणे. तव्याच्या पाकिटावर त्याचा फोटो आहे, आणि मांडीवर अगदी हीच गिटार. झालं! त्या दिवसापासून साडूने त्याला ‘बुवा’ केलं. माझी मेव्हणी गिटारीला ‘सवत’ म्हणायला लागली.

मी पहिल्यांदा बघायला गेलतो तेव्हा म्हटलं, ‘‘वाजवा की पावणं, ऐकू या तरी.’’

‘‘मला न्हाय येत.’’

‘‘मग शिकायचं की!’’

साडू माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी देवळात चप्पल घालून शिरलोय. ‘‘बुवांनी वाजवल्यावर आता मी हात लावू व्हय?’’

मग करतो काय, तर रोज तिन्हीसांजेला अंघोळ करून तवा लावतो आणि गिटार पेटीतून काढून, हातात रुमाल धरून, स्पीकरसमोर पाटावर बसवतो. तिला बुवा ऐकवतो! लाकूड ऐकून ऐकून पिकतं, असं त्याचं म्हणणं. शेवटी अंगठ्याने एकेक तार एकदाच छेडायची, ‘बरी हायस न्हवं?’ म्हणायचं आणि पेटी बंद. शहाण्या माणसाने यावर काय बोलावं? ते संगीत तरी धड असावं! शब्द नाहीत, ठेका सापडेल तर शपथ. चालत्या बसमध्ये एखादा माणूस सगळे खिसे चाचपून तिकीट शोधतोय, असं मला वाटायचं. मी तसं बोललो, तर माझीच बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘‘मिळतंय की शेवटाला तिकीट. नीट ऐका जरा. तुमच्यापरीस जास्त बोलतोय तो माणूस.’’ घरातला भेदी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

एकदा हा माणूस आमच्याकडे आला तो तोंड पाडून. कुणीतरी मोबाईलवर शोधून त्याला सांगितलं होतं, की बुवा वारले. वारले तेसुद्धा आत्ता नाही, कैक वर्षांपूर्वीच; बातमी चंदगडला पोचायला वेळ लागला इतकंच. साडू आमच्या मोरीत गेला आणि डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं. त्या दिवशी आमच्या घरी मटण होतं. तांबडा रस्सा उकळत होता, पांढरा तयार होता. साडू म्हणाला, ‘‘मला दहा दिवस चालणार न्हाय.’’ कोल्हापुरात भरल्या ताटावरून असा उठलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. मी ओरडलोच, ‘‘अहो, तो तुमचा कोण? भाऊ का भावकीतला? त्याला तरी ठावं होतं का, चंदगडला एक खुळा बसलाय म्हणून?’’ बायकोने मला चिमटा काढला, ‘‘दुःख आलंय त्यास्नी, गप बसा,’’ आणि त्याला पिठलं करून वाढलं. बुवांच्या सुतकात पिठलं! मी ते मटण खाल्लं, पण रस्सा दुसऱ्यांदा मागितला नाही.

आता मुख्य धक्का सांगतो. चंदगडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर नसू दे; तिथे पावसाळ्यात उशीच्या खोळीलासुद्धा बुरशी येते. पहिल्याच पावसाळ्यात गिटारीचं पोट फुगलं, पाठीचा सांधा सुटायला लागला. साडू रडकुंडीला आला. तेव्हा माझी बायको म्हणाली, ‘‘आषाढात पोरी माहेरी येत्यात का न्हाय? हिला आणा हिकडं. सवत झाली म्हणून काय झालं, माझ्या बहिणीच्या घरची हाय. तिचं माहेर हितंच.’’ आमच्या कोल्हापूरलगतच्या कळंब्याच्या घरात स्वयंपाकखोलीमागे एक उबदार खोली आहे. तिथल्या पलंगावर गिटारीची सोय झाली. त्या वर्षापासून दर आषाढात ती एस.टी.ने येते. खिडकीजवळच्या सीटवर ती, आणि हा दांडीला धरून उभा! कंडक्टर म्हणाला होता, ‘‘पावणं, पेटी खाली ठेवा की.’’ साडूने त्याला विचारलं, ‘‘तुमची बायको म्हायेराला जाताना पायाखाली ठेवता काय?’’ कंडक्टरने मुकाट्याने पुढची तिकिटं फाडली.

आणि बायको तरी काय कमी! साडू पेटी घेऊन उंबऱ्याशी उभा राहायचा. ही आतून भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन यायची, तुकडा पेटीवरून ओवाळून लांब टाकायची, साडूच्या पायावर पाणी घालायची, आणि मगच आत घ्यायची. मी टेम्पोपाशी उभा राहून कपाळाला हात लावायचो. गल्लीतली माणसं बघायची हो! दसऱ्याला पाठवणी, तीसुद्धा ओटी भरून. दर वर्षी नवा खण, आणि एकदा दिलेला रंग परत द्यायचा नाही. एका वर्षी ओटीतले तांदूळ त्या भेगांतून पोटात गेले. साडू पांढराफटक पडला. गिटार उलटी करून, पालथी करून हलवली. बाकीचे पडले, पण एक दाणा आतच राहिला. तेव्हापासून जाड तार छेडली की आत तो दाणा टणकतो. मला वाटलं, आता यांचं बोलणं बंद होणार. बायको हसून म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या की पावणं. म्हायेराची शिदोरी हाय ती.’’

माघात बायको गेली. चार दिवस ताप काय आला आणि माणूस संपला काय. त्यावर मी जास्त लिहीत नाही, मला जमत नाही. डबा लावलाय. मागच्या खोलीचं दार मी उघडलंच नव्हतं. आषाढ लागायला आला तसा साडूचा फोन आला, ‘‘पावणं, यंदा न्हाय आणत हिला. आक्का न्हाय, घरात बाईमाणूस न्हाय. तुमाला कशाला ताप?’’

‘‘मग ठेवणार कुठं?’’

‘‘बघू. पाठीचा सांधा सुटलाय पुन्हा. बघू काय हुतंय ते.’’

मला इतका धक्का त्या सगळ्या वर्षांत बसला नव्हता. म्हणजे बायको गेली, तसं आमचं घरही गेलं? पोरीला यायला आता जागा नाही? मी फोनवर असा ओरडलो, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, ‘‘मी मेलोय का अजून? खोली हाय, पलंग हाय, मी हाय! तिकडं कुजवणार व्हय तिला? उद्याच्या गाडीला बसवा!’’ फोन ठेवल्यावर मलाच कळेना, मी नक्की कुणासाठी ओरडलो ते. मग मागची खोली उघडली, झाडली, पलंगावर बायकोच्या हातची वाकळ पसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडू आला. डोक्यावर छत्री नव्हती, ती पेटीवर होती. हा निथळतोय आणि पेटी कोरडी. उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

‘‘या की आत, भिजताय कशाला?’’

‘‘येतो की,’’ म्हणाला, पण हलेना. मान किंचित स्वयंपाकखोलीकडे वळलेली. त्याला मागायचं काहीच नव्हतं. पाय सवयीने थांबले होते. मलाच एकदम लख्ख कळलं. मी आत गेलो. डबा यायचा होता, घरात भाकरी नाही. फडताळात सकाळच्या चहाचा अर्धा पाव होता. वर्षाच्या आत असलं काही करायचं नसतं म्हणतात, म्हणू देत. पावाचा तुकडा मोडला, तांब्या घेतला, बाहेर आलो. ओवाळायचं कुठल्या बाजूने तेही मला आठवेना. तुकडा पेटीवरून फिरवला आणि पावसात लांब फेकला. साडूच्या पायावर पाणी घातलं. तो आधीच नखशिखांत भिजलेला. तरी पाणी पडल्यावर त्याने डोळे मिटून घेतले.

‘‘पाव हुता,’’ मी म्हटलं.

‘‘चालतंय की. जर्मनची हाय ती,’’ साडू म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो; मग कुणालाच दुसऱ्याकडे बघवेना.

पेटी पलंगावर उघडली. आत गिटारीखाली बायकोने दिलेले सगळे खण एकावर एक घातलेले, कडा मोडू न देता. साडूने अंगठ्याने जाड तार छेडली. आत तो दाणा टणकला. मग मोबाईलवर बुवा लावले. पत्र्यावर पाऊस, आणि बुवा आपले खिसे चाचपताहेत. या वेळी मी नीट ऐकलं. तिकीट मिळतं शेवटाला, बायको खरं बोलत होती.

आता गिटार इथेच आहे. दसऱ्याला पाठवणी. तांदूळ घरात आहेत, नारळ आणीन, ओटी कशी भरायची ते मेव्हणी फोनवर सांगणार आहे. पण पेटीतले खण मी बघितले. हिरवा झालाय, जांभळा झालाय, मोरपंखी, अंजिरी, सगळे झालेत. यंदा रंग कुठला घ्यायचा, हे जिला विचारावं तिनेच एकेक करून सगळे रंग देऊन ठेवलेत.