आकडेमास्तरची साक्ष

गाड्यांचा नवा कायदा आला तेव्हा शहरातल्या बग्गीवाल्यांनी कपाळाला हात लावला. एका रंगाऱ्याचं नशीब मात्र उघडलं. गोऱ्या साहेबाच्या कचेरीतून हुकूम निघाला होता. गाडी भाड्याची असो की घरची, घोड्याची असो की मोटार, तिच्या पाठीवर आकडा हवा, मोटारीला पुढेही. काळ्यावर पांढरा, ठरल्या उंचीचा, वीस पावलांवरून वाचता येईल असा. आकडा नाही तर परवाना नाही.

रंगाऱ्याचं दुकान कचेरीच्या फाटकासमोर होतं. तोवर पेट्या आणि फळ्या रंगवून तो कसंबसं पोट भरायचा. आता दारात रांग लागू लागली आणि लोक त्याला आकडेमास्तर म्हणू लागले. हा मास्तर शाळेची पायरी चढलेला नव्हता. कुणी छेडलं, "मास्तर, शिक्षण कुठपर्यंत?" की तो कुंचला न थांबवता म्हणायचा, "शून्यापासून नऊपर्यंत!"

त्याच्या शेजारच्या खोलीत एक म्हातारा बग्गीवाला एकटाच राहायचा. म्हाताऱ्याची बग्गी मास्तरने हौसेनं रंगवून दिली होती. गेरूत काजळी घोटून त्याने चाकांसाठी एक गडद तांबडा रंग केला होता. तसा रंग शहरात दुसऱ्या कुठल्याच गाडीला नव्हता.

एका दुपारी बाजाराच्या चौकात एक मोटार मागून आली आणि त्या बग्गीला उडवून गेली. घोडी जागच्या जागी मेली. म्हाताऱ्याचं कंबरेचं हाड मोडलं. धुळीत मोटारीचा आकडा कुणालाच दिसला नाही. चौकीत लिहिलं गेलं की बग्गी चुकीच्या बाजूला होती. मास्तर इस्पितळात गेला तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "भोंगा नाही रे वाजवला. एकदा वाजवला असता, तर घोडी कडेला घेतली असती."

चौथ्या दिवशी लाकडाच्या वखारीच्या मालकाचा ड्रायव्हर दुकानात आला. वखारमालक बडी असामी होता. त्याच्या शब्दावर शहरातल्या निम्म्या मोटारींचं काम मास्तरकडे यायचं. ड्रायव्हरने चिंधीत गुंडाळलेली मोटारीची पुढची पाटी ठेवली. पाटी मधोमध वाकली होती.

"नवी करून द्या. मालक म्हणाले, आजच."

"कशी वाकली?"

"फाटकाला घासली," ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला.

तो गेल्यावर मास्तरने पाटी उजेडात धरली. आकडा त्याच्याच हातचा होता. आणि पांढऱ्या सातावर तांबड्या रंगाचा ओरखडा होता, गेरू आणि काजळीचा.  त्याने दुकान बंद केलं आणि पाटी घेऊन घर गाठलं.

घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. "अहो, पाण्यात राहून माशाशी वैर करणार का? हेच लोक आपल्याला काम देतात."

"अगं, पण आकडा लावायचा कशासाठी? कोण कुणाला चिरडून गेलं ते कळावं म्हणूनच ना? मग मी काय नुसती नक्षी काढतोय?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "पाटी फडक्यात बांधून चौकीत न्या. रंग पुसला जाईल."

कोर्टात मालकाच्या वकिलाने त्याला हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "तुम्हाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही म्हणे. मग आकडा ओळखता कसा?"

"साहेब, आईला मूल ओळखायला अक्षरं लागत नाहीत," मास्तर म्हणाला. त्याने खिशातून तांबड्या रंगाची डबी काढून पाटीशेजारी ठेवली. मॅजिस्ट्रेटने दोन्ही निरखून पाहिलं. कोर्टात कुणी हसलं नाही.

ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला. त्याचा परवाना रद्द झाला आणि वर सहा महिन्यांची कैद. म्हाताऱ्याला भरपाई मिळाली. मास्तर पायऱ्या उतरत होता, तेव्हा ड्रायव्हरची बायको आडवी आली. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "गाडी मालक चालवत होते. हे शेजारी बसले होते. कबूल कर, घर सांभाळतो, असं मालकांनी सांगितलं."

मास्तर तसाच माघारी फिरला. कारकुनाने फाईल बांधली होती. "निकाल लागला, मास्तर. त्याने स्वतः कबूल केलंय. तुम्ही पाहिलंत का कोण चालवत होतं?" मास्तरने पाहिलं नव्हतं.

मोटारवाल्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. बग्गीवाले तेवढे येत राहिले. खाल्लेला घास त्याला गोड लागेना. आपण खरं बोललो आणि शिक्षा भलत्यालाच झाली, हे त्याच्या मनात ठाण मांडून बसलं. वखारमालकाने घर सांभाळलं ते दोनच महिने. मग मास्तरची बायको कुणाला न सांगता ड्रायव्हरच्या घरी पीठ पोचवू लागली. मास्तरला ते लवकर रिकाम्या होणाऱ्या पिठाच्या डब्यावरून कळलं. पुढच्या खेपेला त्याने दळण थोडं जास्त आणलं.

ड्रायव्हर सुटला, त्या सकाळी मास्तर तुरुंगाच्या दाराशी उभा होता. काय बोलायचं ते त्याने आठ दिवस घोकलं होतं. समोर आल्यावर एवढंच निघालं, "माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं."

ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही पाहिलं ते सांगितलंत. मी पाहिलं ते सांगितलं नाही. वाटोळं माझ्यामुळेच झालं." थोडं चालल्यावर त्याने विचारलं, "म्हातारा आहे ना?"

"आहे. काठीवर चालतो."

"मला घेऊन चला."

म्हातारा खाटेवर बसला होता. ड्रायव्हर दारातच उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं: मालक वेगाची पैज लावून गाडी चालवत होते, त्याने स्वतः भोंग्याकडे हात नेला होता, मालकांनी तो झटकला होता, आणि धडकेनंतर 'थांबवा' म्हणायची त्याची छाती झाली नव्हती. म्हातारा ऐकत राहिला. मास्तरला वाटलं, आता हा काठी उचलणार.

"हात नेला होतास?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो, बाबा."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. खाटेवर जरा सरकून त्याने जागा केली आणि म्हणाला, "बस."