ओळखून दिलेला नकार

काल दुपारी अळूवड्या द्यायला शेजारी गेले, तर सर त्यांच्या बायकोला, कमलताईंना, एका आयरिश कवीचं चरित्र वाचून दाखवत होते. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मी चौथी शिकलेली, पण बसले ऐकत. कवीला म्हणे भुताखेतांचा, पऱ्यांच्या गोष्टींचा भारी नाद. आणि जीव जडला होता एकीवर. वर्षानुवर्षं तिला लग्नाचं विचारत राहिला.

“मग हो म्हणाली का?” कमलताईंनी विचारलं.

“कुठलं! दर वेळी नाहीच.”

“अगं बाई! हा तरी किती चिवट!” ताई खुदकन हसल्या. मग सरांकडे निरखून बघत म्हणाल्या, “तुमचं झालंय का हो लग्न?”

“झालंय. पंचेचाळीस वर्षं झाली.”

“मग घरी जा की. ती बिचारी जेवायची थांबली असेल.”

वर्षभरात ताईंचं असं सगळं पुसत चाललंय. मला आपलं वाटलं, त्या कवीला नकार मिळाले खरे, पण ती त्याला ओळखून तरी नाही म्हणत होती.

सरांनी पुस्तक मिटलं, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं बेल वाजली. ताई लगबगीनं उठल्या, पदर सारखा केला, दार उघडलं.

“किती उशीर हो! ते मास्तर आत्ताच गेले. माणूस चांगला आहे, पण उठतच नव्हते.”

“हो का?” सर म्हणाले, आणि मान वर न करता पायपुसण्यावर कितीतरी वेळ पाय पुसत राहिले.